मोकळ्या जागेची साक्ष

फंक्शनच्या पोटात फंक्शन लिहिताना आतली ओळ किती सरकवावी, हा प्रश्न निघाला की बहुतेक जण तो आवडीनिवडीचा म्हणून निकालात काढतात. दोन स्पेस द्या, चार द्या, नाहीतर टॅब द्या. संगणकाला काय फरक पडतो? या समंजसपणालाच माझा आक्षेप आहे.

पायथनमध्ये संगणकालाही फरक पडतो. तिथे इंडेंटेशन हेच व्याकरण आहे. पण प्रश्न मुळात वाचणाऱ्याचा आहे. आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनमधील व्हेरिएबल्स दिसतात, आणि अनेक भाषांत ते ती बदलूही शकते. म्हणजे एकेक पायरी आत उतरताना बाहेरच्या साऱ्या नावांचे ओझे डोक्यात वाहावे लागते. ओळीआधीची मोकळी जागा ही त्या ओझ्याची साक्ष होय.

ही साक्ष खोटी निघाली तर काय होते, ते २०१४ साली दिसले. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. इंडेंटेशनमुळे दुसरीही 'इफ'च्या अखत्यारीतली भासे. प्रत्यक्षात ती विनाअट चाले आणि सर्व्हरच्या सहीची तपासणीच टळे. उदाहरण नेस्टेड फंक्शनचे नाही, पण धडा तोच.

साक्ष खरी असताना ती दडपणे हा दुसरा अपराध. २००९ मध्ये नोड आल्यानंतर कॉलबॅकच्या आत कॉलबॅक असा जिना पडद्याच्या उजव्या कडेला भिडू लागला. त्यावर दोन स्पेसवाल्यांचे उत्तर काय, तर 'ओळीत मावते'. मावते खरे, पण याने ताप उतरला नाही, तापमापी तेवढी बदलली. लिनक्स कर्नलची लेखनसंहिता टॅब आठ अक्षरांचा ठेवते आणि तीनहून अधिक पायऱ्या लागत असतील तर प्रोग्रॅमच दुरुस्त करा असे बजावते. हा उद्धटपणा मला अधिक प्रामाणिक वाटतो. जावास्क्रिप्टनेही तो जिना मोडला तो स्पेस कापून नव्हे, तर २०१५ मध्ये प्रॉमिस आणि २०१७ मध्ये असिंक-अवेट भाषेत आणून.

आठच हवेत असा माझा हट्ट नाही, चारही पुरतात. एकाच जागी लागणारे छोटे फंक्शन आत राहावे, हेही मान्य. पण ओळ मावेनाशी झाली की जागा कापू नका. आतले फंक्शन बाहेर काढा, त्याला नाव द्या आणि त्याला लागणारी मूल्ये उघडपणे त्याच्या हाती द्या. ज्या फंक्शनला नाव सुचत नाही, ते बहुधा आपल्याला कळलेलेच नसते.