खेळ संपल्यानंतरचे बोलणे

आमच्यापैकी ज्यांनी या शाळेच्या वसतिगृहात पाच-सहा वर्षे काढली, त्यांना दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली रात्र आजही आठवते. घरून आणलेले चिवड्याचे आणि शंकरपाळ्यांचे डबे एकमेकांपुढे सरकत. सुट्टीत ज्याला तालुक्याच्या गावी सिनेमा पाहायला मिळाला असेल, तो त्या रात्रीचा मानकरी ठरे. पाट्या पडण्यापासून शेवटच्या मारामारीपर्यंत तो सारी कथा सांगे आणि ऐकणारे त्याला पदोपदी अडवत. नायक पोलिसांकडे का गेला नाही? आईने पोटच्या मुलाला ओळखले कसे नाही? सांगणारा निरुत्तर होई आणि मग स्वतःच विचारात पडे. पाहताना जे प्रश्न त्याला पडले नव्हते, ते सांगताना पडत. आम्हाला पुढे वाचनाची आणि वादविवादाची जी गोडी लागली, तिचा उगम अशा रात्रींत आहे, असे आम्ही मानतो.

आज सुट्टीवरून परतणारी मुले सिनेमा पाहून येतात, त्याहून अधिक व्हिडिओ गेम खेळून येतात. परंतु त्यांना कोणी ‘सांग, काय झाले त्यात?’ असे विचारत नाही. पालक विचारतात, ‘किती वेळ खेळलास?’ शिक्षक विचारतात, ‘अभ्यास कधी करणार?’ हे दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत, याबद्दल आमचा मतभेद नाही. तथापि एखादा खेळ शेवटापर्यंत नेऊन पूर्ण केलेल्या मुलाला त्याच्या अनुभवाविषयी बोलू द्यावे, किंबहुना बोलावयास आणि लिहावयास लावावे, असे आमचे मत आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते आम्ही माजी विद्यार्थ्यांसमोर, पालकांसमोर आणि समाजबांधवांसमोर मांडू इच्छितो.

हे मत आमचे पूर्वीपासूनचे नव्हे. ते एका प्रसंगाने घडले आणि त्या प्रसंगात चूक आमची होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही माजी विद्यार्थी सुट्टीतील अभ्यासवर्गात शिकविण्यासाठी वसतिगृहात मुक्कामास होतो. रात्री दिवे मालविल्यानंतर नववीतील एक मुलगा पांघरुणाखाली मोबाईल घेऊन बसलेला आढळला. आम्ही मोबाईल काढून घेतला आणि शिस्त, वेळेचे मोल, आईवडिलांचे कष्ट यांवर त्याला बरेच सुनावले. त्याने मान खाली घालून सारे ऐकून घेतले. पुढचे दोन दिवस तो कोणाशी धड बोलला नाही, जेवणावरही त्याचे लक्ष नव्हते. मोबाईल गेल्याचा हा रुसवा असावा, असे आम्ही गृहीत धरले. तिसऱ्या दिवशी आमच्यातील एकाने त्याला जवळ बसवून सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘दादा, खेळ त्या रात्रीच संपला होता. मी म्हाताऱ्या माणसांच्या घरात चोरी केली.’

तो खेळ होता ‘धिस वॉर ऑफ माइन’. पोलंडमधील वॉर्सा येथील इलेव्हन बिट स्टुडिओज या कंपनीने तो २०१४ साली प्रसिद्ध केला. युद्धाचे खेळ म्हटले की बंदूक घेतलेला सैनिक डोळ्यांसमोर येतो. या खेळात मात्र आपण वेढलेल्या शहरातील पडक्या घरात अडकलेली साधी माणसे असतो. दिवसा बाहेर पडल्यास गोळी लागण्याचे भय, म्हणून दिवसभर घर डागडुजी करून सावरायचे आणि रात्री कोणा एकाला अन्न, औषध, लाकूडफाटा शोधण्यास बाहेर धाडायचे. आमच्या या मुलाने एका रात्री आपला माणूस एका शांत घरात पाठविला. तेथे एक वृद्ध जोडपे राहत होते. त्यांच्यापाशी अन्न होते, औषधे होती आणि प्रतिकाराची शक्ती मुळीच नव्हती. आजोबा विनवण्या करीत राहिले. मुलाने सारे उचलून आणले. त्याच्या घरातील आजारी माणूस वाचला, पण चोरी करून आलेला माणूस खिन्न होऊन बसला आणि घरातील इतरांचेही मन खचले. ‘कोणी मला गुण कमी दिले नाहीत. कोणी हरलास म्हटले नाही. पण मला ते सोडवत नाही,’ असे तो म्हणाला.

आम्ही त्याला दोन दिवस शिस्त शिकवीत होतो आणि तो मुलगा मात्र स्वतःच्या मनाशी एक नैतिक प्रश्न सोडवीत होता. आपल्या माणसाला वाचविण्यासाठी दुबळ्याचे हिरावून घ्यावे काय? थोरामोठ्यांनाही ज्याचे उत्तर सहज देता येणार नाही असा हा प्रश्न आमच्या वसतिगृहातील एका खाटेवर जागत पडला होता आणि आम्हाला त्याची वार्ताही नव्हती.

त्या रात्री जेवणानंतर त्याने तो खेळ सर्वांना सांगितला. अगदी आमच्या काळच्या सिनेमाच्या गोष्टीसारखा. मुलांनी त्याला तसेच अडविले. एक म्हणाला, ‘मीही नेले असते.’ दुसरा म्हणाला, ‘अर्धे ठेवायचे होतेस.’ एका मुलीने विचारले, ‘त्या आजी-आजोबांची जागा आपल्याला खेळायला दिली असती, तर?’ यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढे आम्ही त्यांना सांगितले, की हा खेळ रचणाऱ्यांसमोर सारायेवोचा वेढा होता. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, म्हणजे १,४२५ दिवस, बोस्नियाच्या या राजधानीतील नागरिकांनी पाणी, वीज आणि अन्न यांवाचून, बंदुकांच्या टप्प्यात दिवस काढले. पहिल्या महायुद्धाच्या धड्यात १९१४ सालच्या हत्येपुरते वाचलेले ते गाव मुलांनी त्या रात्री नकाशात पुन्हा शोधले. पोलंडच्या शासनाने २०२० साली हाच खेळ उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतला, हे आम्हाला नंतर कळले. एका देशाच्या शिक्षणव्यवस्थेला जे चर्चेस योग्य वाटले, ते आम्ही पांघरुणाखालून जप्त केले होते.

तेव्हापासून दर सुट्टीच्या मेळाव्यात आम्ही एक तास ‘संपलेला खेळ’ यासाठी राखून ठेवतो. ज्याने खेळ पूर्ण केला असेल त्यानेच बोलावे, एवढा एकच नियम. या तासातून आम्ही जे ऐकले, त्यातील दोन-तीन उदाहरणे येथे देतो.

दहावीत एकदा अनुत्तीर्ण झालेल्या एका मुलीने ‘सेलेस्ट’ या २०१८ सालच्या खेळाविषयी सांगितले. त्यात मॅडलिन नावाची मुलगी एकटीने एक डोंगर चढते. वाट अवघड आहे. पाऊल चुकले की ती कोसळते, पण क्षणात त्याच टप्प्याच्या आरंभी पुन्हा उभी राहते. तिच्या मनातील भीती आणि स्वतःविषयीचा अविश्वास तिच्यासारखेच रूप घेऊन तिच्या मागे लागतात. या रूपापासून पळून शिखर गाठता येत नाही, त्याच्याशी समजुतीनेच वागावे लागते. खेळ आपण किती वेळा पडलो, याची मोजदाद ठेवतो. आमच्या या मुलीची संख्या दोन हजारांवर गेली होती. ती म्हणाली, ‘निकालाच्या दिवशी एकदाच पडले तर सगळ्या गावाला कळले. इथे दोन हजारदा पडले आणि तरी वर पोहोचले.’ तिच्या आई त्या दिवशी मागील रांगेत बसल्या होत्या. मुलगी परीक्षेविषयी इतके मोकळेपणाने बोललेली त्यांनी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील कंपनीने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. सर्कशीत कसरती करणारी राजी ही अनाथ मुलगी राक्षसांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते. आपल्याकडील किल्ले, जाळीदार खिडक्या, भित्तिचित्रे जगाच्या खेळात दिसल्याचा आनंद मुलांनी भरभरून सांगितला. परंतु अकरावीतील एका विद्यार्थ्याचे म्हणणे आम्हाला अधिक मोलाचे वाटले. त्याचे मत असे, की पोटासाठी दोरावर चालणारी ही मुलगी देवांकडून शस्त्र मिळताच केवळ योद्धा होते, तिची भूक आणि तिचे निराधार असणे खेळ पुढे विसरून जातो. शिवाय शेवट घाईने आटोपला आहे. कोणी हे मत मान्य करील, कोणी करणार नाही. पण आपल्या मातीतील कृतीचे कौतुक करतानाच तिच्यातील उणीव सप्रमाण दाखविणे, ही चिकित्सेची रीत त्या मुलाला साधली. त्याला दहावीत कवितेचे रसग्रहण शिकविले होते. तेच त्याने खेळाला लावले.

तिसरे उदाहरण ‘जर्नी’ या २०१२ सालच्या खेळाचे. वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे जाण्याचा हा प्रवास दोन-एक तासांत संपतो. वाटेत जगाच्या पाठीवरील दुसरा कोणी खेळाडू सोबतीला येतो. त्याचे नाव दिसत नाही, त्याच्याशी शब्दांनी बोलता येत नाही, केवळ एक सूर काढून खूण करता येते. नावे कळतात ती प्रवास संपल्यावर. जात, धर्म, देश, भाषा यांतील काहीही ठाऊक नसता माणूस माणसाला साथ देतो काय, हे पाहण्याची ही सोय आहे. आमच्यातील एक जण, जो आज परदेशी नोकरीस आहे, त्याने लिहून पाठविले, ‘आडनाव विचारल्याशिवाय कोणीतरी माझ्यासाठी थांबले, असे आयुष्यात फार थोड्या वेळा घडले आहे.’ या वाक्यावर आमच्या मेळाव्यात झालेली चर्चा येथे सांगण्याची गरज नाही. आपल्या वाचकांना ती सहज कळेल.

आता आक्षेपांकडे वळू. पालकांची भीती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार समाविष्ट केला आहे आणि ही आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी अनेक कुटुंबे कर्जात लोटली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि त्याच्यावरच आईचे रोजगाराचे बोलणे व भावंडांचा अभ्यास अवलंबून आहे, त्या घरात खेळाचे कौतुक सांगणे शोभणार नाही, हेही आम्ही जाणतो.

परंतु म्हणूनच एक भेद लक्षात घ्यावा लागतो. काही खेळांना शेवट आहे आणि काहींना तो ठेवलेलाच नाही. शेवट नसलेले खेळ रोज परत येण्यासाठी रोजचे बक्षीस देतात, ठरावीक काळाने नवे पर्व काढतात, नवे कपडे आणि नवी शस्त्रे विकतात. मुलगा तो खेळ पूर्ण करून बाहेर पडेल, अशी त्यांची रचनाच नसते. अशा खेळाविषयी बोल म्हटले, तर मुले आपली श्रेणी सांगतात, गोष्ट सांगू शकत नाहीत. शेवट असलेला खेळ मात्र पुस्तकासारखा मिटता येतो, आणि मिटल्यावर त्याच्याकडे मागे वळून पाहता येते. ‘संपल्यावर आम्हाला सांगशील ना?’ एवढे विचारणारा पालक मुलाला न ओरडता हा भेद शिकवितो. जे कधी संपणारच नाही, त्यावर आपण रात्री घालवीत आहोत, हे मुलाच्या आपोआप ध्यानी येते.

बोलणे कसे असावे, याविषयी अनुभवाने आम्हाला काही गोष्टी कळल्या आहेत. ‘मस्त आहे’, ‘बोअर आहे’ यावर थांबू देऊ नये. खेळाने आपल्या हातून काय करविले, हे आधी विचारावे, कारण पुस्तकात नायक चोरी करतो आणि खेळात ती आपण करतो. त्यानंतर काय करू दिले नाही, हे विचारावे. कोणती वाट खेळाने बंद ठेवली, यातून रचणाऱ्याचा विचार कळतो. कोठे राग आला, कोठे लाज वाटली, कोठे थांबावेसे वाटले, हे ज्याने त्याने आपल्या शब्दांत सांगावे. इतरांना तो खेळ खेळायचा असल्यास शेवट राखून ठेवावा. आणि ऐकणाऱ्या मोठ्यांनी उपदेशाची घाई करू नये. आम्ही ती एकदा केली आहे.

शाळेच्या व्यवस्थापनास आमची एक छोटी विनंती आहे. ग्रंथालयात पुस्तकांवरील अभिप्रायांची वही असते. तिच्याशेजारी संपलेल्या खेळांची एक वही ठेवावी. विद्यार्थ्याने सुट्टीत पूर्ण केलेल्या खेळावर एक पान मराठीत लिहावे, शिक्षकांनी ते वाचावे आणि महिन्यातून एका रविवारी त्यातील दोन पाने सर्वांसमोर वाचली जावीत. यासाठी नवी यंत्रे लागणार नाहीत, निधीही लागणार नाही. वसतिगृहातील मोबाईलचे नियमही शिथिल करण्याची गरज नाही. पहिली वही आणून देण्याची जबाबदारी आम्ही माजी विद्यार्थी आनंदाने घेतो.

ज्या मुलाचा मोबाईल आम्ही काढून घेतला होता, तो आता महाविद्यालयात आहे. त्या खेळात तो पुन्हा गेला आणि दुसऱ्या खेपेस त्या वृद्धांच्या घरातून रिकाम्या हाताने परतला. ‘या वेळी आमचा आजारी माणूस वाचला नाही,’ त्याने आम्हाला सांगितले. बरोबर काय, हे त्याला अजून ठरविता आलेले नाही. आम्हालाही नाही. पण आता तो प्रश्न त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही.