बोटीमागच्या फॉइलचे पहिले सामान

हायड्रोफॉइल बोर्डाच्या तळाला एक उभा दांडा असतो आणि त्या दांड्याच्या टोकाला आडव्या फ्रेमवर दोन पंख, पुढे मोठा आणि मागे छोटा. दांड्याला मास्ट म्हणतात. बोट दोराने बोर्ड ओढू लागली की पंखांवरून पाणी वाहते, उचल तयार होते आणि बोर्ड माणसासकट पाण्याच्या वर येतो. पाण्याखाली उरतात ते फक्त पंख आणि मास्टचा खालचा भाग. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्यामुळे माणूस उचलायला दीड फूट व्यासाच्या परातीएवढ्या क्षेत्रफळाचा पंख पुरतो.

नवशिक्याची नजर आधी बोर्डावर जाते. रंग, आकार, वरचे नक्षीकाम सगळे तिथेच असते. खरेदीचा क्रम मात्र उलटा लावावा लागतो: आधी पाणी, मग बोट, मग पुढचा पंख, मग मास्ट आणि सगळ्यात शेवटी बोर्ड.

यवतमाळ जिल्ह्यात मोठे पाणी म्हणजे धरणांचे पाणी. बाभुळगाव तालुक्यातला बेंबळा प्रकल्प, दिग्रसजवळचा अरुणावती, पुसदचा पूस, पैनगंगेवरचा इसापूर. पावसाळ्याच्या शेवटी हे जलाशय समुद्रासारखे दिसतात आणि उन्हाळ्यात काठापासून लांब आत सरकतात. ओसरलेल्या पाण्याच्या जागी गाळपेर होते, शेतकऱ्यांच्या उपशाच्या मोटारी, पाइप आणि केबल पाण्यामागे आत सरकत जातात. बुडीत क्षेत्रात बाभळीची खुंटे असतात, जुन्या विहिरींचे कठडे असतात, घरांची जोती असतात. साध्या होडीला यातले काही बाधत नाही, कारण होडीचा तळ फूटभर पाण्यात असतो. फॉइलचा पंख मात्र दोन-अडीच फूट खाली चालतो. तो खुंटाला अडला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून ज्या पट्ट्यात निदान दोन मीटर पाणी आहे आणि ज्याचा तळ उन्हाळ्यात कोरडा असताना कुणीतरी पाहिलेला आहे, तोच पट्टा शिकायला योग्य. पावसाळ्यातले गढूळ पाणी भरपूर खोल असले तरी त्यात समोरचा ओंडका दिसत नाही. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने बरे: पाणी भरलेले, गाळ बसलेला, वारा बेताचा.

पाणी निवडताना ते कुणाचे आहे हेही पाहायचे असते. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात, विदर्भात बहुतेक प्रकल्पांचा कारभार विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे, आणि मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे. यांत्रिक बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 लागू होतो. कागदपत्रे झाली तरी भोई मंडळींशी आधी बोललेले बरे, कारण पाण्याखाली कुठे जाळे टाकले आहे ते त्यांनाच ठाऊक असते आणि मास्ट जाळ्यात गुंतला तर दोघांचेही नुकसान. निळोणा आणि चापडोह ही यवतमाळ शहराला पिण्याचे पाणी देणारी धरणे. तिथे पेट्रोलवर चालणारे इंजिन उतरवण्याचा विचारही करू नये. राज्यात जलाशयावरच्या जलक्रीडेचा नमुना पाहायचा तर सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी मुनावळे इथे पाहता येतो.

बोटीची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. फॉइलला मोठे इंजिन लागत नाही. फॉइल नसलेल्या वेकबोर्डला ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेग हवा असतो, नवशिक्याच्या फॉइलला चौदा ते अठरा पुरतात. पंचवीस-तीस अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन लावलेली हलकी बोट हे काम करू शकते. वेग एका जागी धरून ठेवता येणे हा खरा गुण. झटक्याने वाढणारे थ्रॉटल शिकणाऱ्याला दर वेळी आडवे करते. आउटबोर्डचा पंखा बोटीच्या मागे उघडा फिरत असतो, त्यामुळे दोर सोडून बोटीच्या अगदी मागच्या लाटेवर स्वार होण्याचा जो प्रकार परदेशी चित्रफितींत दिसतो, तो इथे पूर्ण वर्ज्य. त्या चित्रफितींतल्या बोटींचा पंखा बुडाखाली आत बसवलेला असतो. चालवणाऱ्याखेरीज मागे पाहणारा एक माणूस बोटीत असलाच पाहिजे.

आता पंख. फॉइलचा इतिहास वेगाचा आहे. इटलीतल्या एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 मध्ये लागो माजोरे सरोवरावर पंखांवर चालणारी बोट धाववली. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि केसी बाल्डविन यांच्या एचडी-4 बोटीने 1919 मध्ये कॅनडात ताशी सुमारे 114 किलोमीटरचा वेग गाठला. दोराने ओढल्या जाणाऱ्या माणसाखाली फॉइल आले ते 1990 च्या आसपास, अमेरिकेतल्या एअर चेअरमुळे, आणि त्यावर माणूस खुर्चीत पट्ट्याने बांधून बसत असे. उभ्याने स्वार होण्याची लाट नंतरची. शिकणाऱ्याला या वेगाच्या इतिहासाचा उपयोग नाही. त्याला हवी कमी वेगात मिळणारी उचल, आणि ती मोठ्या, जाडसर, आखूड-रुंद पंखातून मिळते.

हिशेब असा. माणूस सत्तर किलोचा आणि सामान दहा किलोचे धरले तर ऐंशी किलो उचलायचे आहेत. 1500 चौरस सेंटिमीटरचा पंख हे काम ताशी चौदा-सोळा किलोमीटरला आरामात करतो. नव्वद किलोच्या माणसाने 1800 ते 2000 कडे जावे. मात्र उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बोटवाल्याने ताशी पंधराचे वीस केले की त्याच कोनात उचल पावणेदोन पटीच्या वर जाते, बोर्ड सरसर वर चढतो, पंख पाण्याबाहेर डोकावतो आणि उचल क्षणात संपते. मग आपटणे आलेच. पंख मोठा आणि बोट संथ ही जोडी म्हणून फोडता येत नाही. वाऱ्यावर किंवा समुद्राच्या लाटेवर चालणाऱ्या फॉइलचे लांबट-अरुंद पंख दुकानदार कौतुकाने दाखवतो. ते फार दूर जातात, पण कमी वेगात अचानक हात टेकतात. शिकणाऱ्याने ते मागे ठेवावेत. मागचा पंख मोठा आणि दोन पंखांना जोडणारी आडवी फ्रेम लांब असेल तर नाक वरखाली होणे आटोक्यात राहते. गोड्या पाण्याची घनता समुद्रापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास कमी असते. त्यासाठी वेगळा पंख घेण्याची गरज नाही.

मास्टची उंची म्हणजे पडण्याची उंची. चाळीस ते साठ सेंटिमीटरचा मास्ट शिकायला उत्तम. बोर्ड वर आला तरी फार वर येत नाही, खाली टेकला तरी धक्का हलका. अमेरिकी स्लिंगशॉट कंपनी शिकणाऱ्यांसाठी वाढत्या उंचीच्या मास्टचा संचच विकते, त्यामागे हाच विचार आहे. एकच मास्ट परवडणार असेल तर साठच्या आसपासचा घ्यावा. यवतमाळच्या उथळ कडांच्या जलाशयांत तो पुढेही कामाला येतो. नव्वदचा मास्ट दिसतो रुबाबदार, पण इथल्या फेब्रुवारीनंतरच्या पाण्यात तो गैरसोयच करील. साहित्य अ‍ॅल्युमिनियम की कार्बन हा वाद नवशिक्यापुरता अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने सुटलेला आहे: जड असले तरी स्वस्त, आणि खुंटाला घासले तर पोचा पडून भागते. कार्बन तडकतो.

बोर्ड घेताना लोक वजन पेलण्याच्या लिटरकडे पाहतात आणि तिथेच पैसे घालवतात. वाऱ्यावर चालणाऱ्या फॉइलचे शंभर-सव्वाशे लिटरचे बोर्ड माणसाला थांबल्या जागी तरंगत ठेवण्यासाठी असतात. बोटीमागे दोर ओढतो, त्यामुळे 130 ते 150 सेंटिमीटर लांबीचा, पन्नासेक सेंटिमीटर रुंद, तीस-पन्नास लिटरचा बोर्ड पुरे. पाण्यात बसून, गुडघे जवळ घेऊन, टाचा बोर्डाच्या कडेवर ठेवायच्या असतात. फुगीर मोठा बोर्ड त्या वेळी आवरत नाही. वरचा थर मऊ फोमचा असावा. पायाचे पट्टे नसावेत. पडताना पाय मोकळे हवेत. तळाला नव्वद मिलिमीटर अंतरावरच्या दोन खाचा असाव्यात, म्हणजे मास्ट पुढेमागे सरकवता येतो. सुरुवातीला तो मागे सरकवून ठेवला की बोर्ड उगाच वर उसळत नाही.

बोर्डाला एक छोटा हवेचा स्क्रू असतो आणि विदर्भात तो फार महत्त्वाचा ठरतो. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. आतल्या फोममधली हवा फुगते आणि वरचे आवरण सुटून फोड येतात. बोर्ड वाहून नेताना स्क्रू सैल करायचा, पाण्यात उतरण्यापूर्वी घट्ट. घट्ट करायचे विसरले तर फोम पाणी पितो. फिकट रंगाची पिशवी आणि झाडाची सावली यांना पर्याय नाही.

दोर न ताणणारा, पंधरा-वीस मीटरचा. पंखाच्या कडा धारदार असतात, म्हणून हेल्मेट आणि अंगासरशी बसणारे लाइफ जॅकेट ही चैन नव्हे. पंखाचा फटका आणि उघडे पोट यांच्यामध्ये दुसरे काही नसते. पोटरीला जाड कापडाची विजार असली तर खरचटणे टळते. पडताना कडेला उडी मारायची, बोर्डाला कवटाळायचे नाही.

जुने सामान घ्यायचे तर बोर्डाच्या रंगाआधी सांधे तपासावेत. मास्ट, फ्रेम आणि पंख जोडून हाताने पिळून पाहावे. किंचितही खुळखुळ असेल तर पाण्यात ती थरथर होऊन पायांपर्यंत येते. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरतो का, आट्या खाल्ल्या आहेत का, पंखाच्या पुढच्या कडेला खाचा आहेत का हे बघावे. आपल्याकडच्या पाण्यात काळ्या मातीचा बारीक गाळ असतो. तो आट्यांत जाऊन सुकला की पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये धरून बसतो आणि पाना लावला की डोके तुटते. दर वेळी फॉइल उघडून साध्या पाण्याने धुवायचे, पुसायचे, जोडताना आट्यांना सागरी कामाचे ग्रीस लावायचे. दोन सुटे बोल्ट आणि त्यांच्या मापाचा पाना बोटीतल्या डब्यात ठेवायचा, कारण तो बोल्ट बाभुळगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल असे धरून चालता येत नाही.