पत आणि रोजकीर्द

अकोला-अमरावतीच्या कापूसबाजारात पत हीच खरी पुंजी मानली गेली. हुंडी वेळेवर चुकती झाली की ती वाढे, वायदा चुकला की घटे. मात्र कोणाच्या शब्दाने घटली, हे व्यापाऱ्यास कळे तेव्हा बहुधा उधारी बंद झालेली असे.

संगणकप्रणाली लिहिणारी घरातील मुले आज ज्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरे करतात, तेथे २००८ पासून पत गुणांत मोजली जाते आणि तिची रोजकीर्दही असते. उत्तर पसंत पडल्यास प्रत्येक मतामागे १० गुण जमा, प्रश्नकर्त्याने स्वीकारल्यास आणखी १५. नापसंतीच्या मतास २ नावे. कोणत्या दिवशी, कोणत्या उत्तरापायी, हे खातेदारास दिसते. मतदात्याचे नाव तेवढे झाकलेले. विशेष म्हणजे, दुसऱ्याच्या उत्तरास नापसंती देणाऱ्याचाही १ गुण कापला जातो. बाजारातील कुजबुजीला असा खर्च कधी पडला नाही!

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. व्यापाऱ्यांना त्यांतील कूटलेखक्रिया अधिक परिचित. पण पहिला आहे मिथ्योपदेश, म्हणजे विचारणाऱ्यास चुकीची वाट दाखवणे. येथे तो अजाणता घडला, तरी २ गुण जातात. आपले चुकलेले उत्तर लिहिणाऱ्याने स्वतःच काढून टाकले, तर ते गुण परत मिळतात आणि नापसंती देणाऱ्याचा कापलेला १ गुणही.