खेळगडी कोठे गेले?

आजच्या मुलांचे बालपण मोबाइलने हिरावून घेतले, अशी हळहळ व्यक्त करण्याचा प्रघात आता शहरांतून खेड्यांतही पोहोचला आहे. भोर आणि वेल्हे (नव्या नावाने राजगड) या पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांतही विटीदांडू, सूरपारंब्या आणि लगोरी यांच्या आठवणी निघतात व त्यापाठोपाठ पडद्याला चिकटलेल्या पोरांना दोष दिला जातो. स्मरणरंजनावर कर बसत नसल्याने ते उदंड होते. ही हळहळ खोटी आहे असे नाही. तिचा रोख मात्र चुकला आहे.

ज्या बालपणाचे एवढे गोडवे गायिले जातात, ते या खोऱ्यांत होते तरी कसे? हिरडस मावळात काय किंवा गुंजण मावळात काय, उतारावरच्या वाडीतील मूल सातव्या-आठव्या वर्षीच घरच्या मनुष्यबळात जमेस धरले जाई. गुरे वळणे, धाकट्या भावंडाला काखेत घेऊन हिंडणे, झऱ्यावरून पाणी आणणे, भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणे ही कामे त्याचीच असत. खेळ व्हायचा तो गुरांमागे, करवंदे-जांभळे शोधता शोधता. आणि मुलीच्या हाती सागरगोटे यायचे ते भांडीपाणी आटोपल्यावर. वडील मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत आणि चूल मनिऑर्डरीवर, अशी घरे थोडी नव्हती. शाळा सुटे ती पुष्कळांची चौथीलाच. हे बालपण नातवंडांच्या वाट्याला यावे असे ते भोगलेला माणूस क्वचितच म्हणेल.

तथापि त्या बालपणात एक वस्तू विपुल आणि विनामूल्य होती, ती म्हणजे सोबत. लगोरीला सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू पुरतो. पण दोन बाजूंना गडी लागतात. आट्यापाट्यांना त्याहून अधिक. दगड आजही फुकटच मिळतात, गडी मिळत नाहीत. भाटघर, पानशेत, नीरा देवघर, गुंजवणी या धरणांनी गावे उठविली. उरलेल्या गावांतील तरुण कुटुंबे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि शिरवळच्या कारखान्यांकडे निघून गेली. २०११ च्या जनगणनेत वेल्हे हा जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका होता. अवघ्या राज्याचे चित्र पाहिले तर २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या १४,७८३ शाळांत मिळून १,८५,४६७ मुले होती. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा! ती निरनिराळ्या इयत्तांत वाटली की बरोबरीचे गडी उरतात दोन किंवा तीन.

एखादी वस्तू दुर्मिळ झाली की मागणी पर्यायी वस्तूकडे वळते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. मोबाइलला दुसरा गडी लागत नाही. २०१६ नंतर इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर तर कालपर्यंत निषिद्ध असलेले हे यंत्र शाळेनेच मुलाच्या हाती देवविले. त्यापूर्वीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील शंभरांपैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत चौदा ते सोळा वयाची ८२ टक्के ग्रामीण मुले स्मार्टफोन वापरू शकत होती. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. अभ्यासाहून अधिक ओढ माणसांची, असाही या आकड्यांचा अर्थ लावता येईल.

या पार्श्वभूमीवर समूह शाळेचा प्रश्न पाहावयास हवा. शिक्षण आयुक्तालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये नंदुरबारमधील तोरणमाळ आणि वेल्ह्यातील पानशेत येथील समूह शाळांचा दाखला देऊन छोट्या शाळांच्या एकत्रीकरणाचे प्रस्ताव मागविले. शिक्षणहक्क कायद्यान्वये पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावयास हवी, म्हणून विरोध झाला आणि तो योग्यच होता. परंतु सोबतीच्या दृष्टीने पाहता, दोन मुलांच्या वर्गापेक्षा वीस मुलांचा वर्ग बालपणाला अधिक मानवतो, हेही नाकारता येत नाही. अडचण आहे ती वर्ग सुटल्यानंतरची. बस उभी असते. मधल्या वाड्यांची मुले लगेच पांगतात. खेळाची खरी वेळ घाटरस्त्यावर जाते. आणि वाडीत परतल्यावर? भाताची खाचरे सोडली तर डोंगरातील वाडीत सपाट जागा बहुधा एकच, शाळेचे पटांगण. शाळेबरोबर तेही कुलूपबंद झाले, तर त्या मुलाने मोबाइल घेऊन ओट्यावर बसू नये असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

एकत्रीकरण करावयाचेच असेल, तर सरकारने वाचणाऱ्या पैशांतून समूह शाळेची दुसरी बस तासाभराने सोडावी आणि बंद शाळेची इमारत व पटांगण ग्रामपंचायतीकडे सोपवून संध्याकाळी उघडे ठेवावे. पेटीभर पुस्तके, एक दिवा आणि त्यावर देखरेखीसाठी गावातीलच एखादी मानधनावरची व्यक्ती, एवढाच हा खर्च आहे. प्रस्तावांच्या जमाखर्चात शिक्षकांचे पगार मांडले जातात, वाहतूक मांडली जाते. त्या तासाभरासाठी त्यांत एकही रकाना नाही.