लडाखचा रोजखर्च : गाडीचे दिवस आणि बिनगाडीचे दिवस

गेल्या उन्हाळी सुट्टीत लडाखला जाऊन आल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो, "रोजचे किती धरायचे?" शाळेच्या पगारात किंवा दुकानाच्या गल्ल्यातून लडाख बसवायचे तर हिशेब आधीच करावा लागतो. पण एकूण रकमेला दिवसांनी भागून येणारा आकडा तिथे कामाचा नाही. तिथे दिवस दोन प्रकारचे असतात, गाडीचे आणि बिनगाडीचे.

गाडीचा दिवस महाग. लेहमध्ये टॅक्सी युनियनचे दरपत्रक असते, ठिकाणाप्रमाणे भाडे ठरलेले. आपली घासाघीस तिथे फारशी चालत नाही. भाडे मात्र माणशी नसून पूर्ण गाडीचे असते. म्हणून दोन कुटुंबांनी मिळून मोठी गाडी केली तर नुब्रा आणि पँगाँगचे तीन दिवस खिशाला पुष्कळ हलके होतात. आमच्या वहीत चौघांचा गाडीचा दिवस, मुक्काम आणि जेवण धरून, 12,000 रुपयांच्या आसपास गेला. लेहमधला बिनगाडीचा दिवस 3,500 रुपयांत बसला. दर हंगामागणिक बदलतात, तेव्हा आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक लक्षात घ्यावा.

आता मुद्द्याचे. खर्च कमी करायला निघालेला माणूस पहिली कात्री लावतो ती लेहमधल्या सुरुवातीच्या दोन दिवसांना. "नुसते खोलीत बसून हॉटेलचे भाडे का भरायचे?" आपले कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. लेह शहर त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे 3,500 मीटरवर आहे. मुंबईहून विमानाने गेलेले शरीर एका दिवसात समुद्रकाठावरून तिथे पोहोचते. विरळ हवेची सवय व्हायला त्याला किमान दोन दिवस द्यावेच लागतात. आमच्या शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाने दुसऱ्याच दिवशी 5,300 मीटरहून उंच खारदुंग ला गाठला. आजींची डोकेदुखी आणि उलट्या थांबेनात, रात्र दवाखान्यात ऑक्सिजनवर गेली आणि पुढच्या गाडीचे आगाऊ भरलेले पैसेही बुडाले. एका दिवसाच्या खोलीभाड्यासाठी!

हे दोन दिवस स्वस्तात आणि सुखातही जातात. लेहच्या बाजारात सतराव्या शतकातली जामा मशीद आहे. तिच्या मागच्या गल्लीत नानबाईंची दुकाने आहेत. सकाळी तंदूरमधून निघालेली गरम रोटी, सोबत उकडलेली अंडी आणि चहा, एवढ्यावर चौघांचा नाश्ता होतो. हलाल मटणाची लेहमध्ये अडचण नाही. पँगाँगकाठच्या तंबूत आम्ही सरळ डाळ-भातावर राहिलो. तसेही त्या थंडीत चवीपेक्षा ऊब महत्त्वाची वाटते. पँगाँग सव्वाचार हजार मीटरवर आहे. तिथला तंबू लेहच्या खोलीहून महाग आणि झोप मात्र निम्मी. बुजुर्ग सोबत असतील तर तिथला मुक्काम टाळून नुब्रात एक रात्र वाढवावी. नुब्रा लेहपेक्षा खाली आहे.

वेळ असेल तर श्रीनगरहून रस्त्याने जाणे आम्हाला अधिक पसंत. सुमारे 420 किलोमीटरचा रस्ता, मध्ये कारगिलला मुक्काम. उंची टप्प्याटप्प्याने वाढते, जेवणाचीही काळजी नसते. तरी लेहला पोहोचल्यावर एक दिवस स्वस्थ बसावेच. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटावे. उंचीवरच्या त्रासाची गोळीही त्यांनाच विचारून घ्यावी.

गाडीच्या एका दिवसाइतकी रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवावी. दरड कोसळली किंवा हवा बिघडून विमान रद्द झाले तर एक मुक्काम वाढतो, म्हणून दिल्लीहून पुढचे रेल्वेचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये. हे पाकीट रोख नोटांचेच हवे. आपल्याकडची प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागते. नुब्रा-पँगाँगच्या वाटेवर तर तेही मध्येच मुके होते आणि मोबाईलमधले पैसे मोबाईलमध्येच राहतात. घरातल्या एकाचे तरी कार्ड निघण्याआधी आठवडाभर पोस्टपेड करून घ्यावे.