पडीचा आंबा उचला

मे उतरणीला लागला की कोकणातल्या वाटांवर रायवळ आंब्यांचा सडा पडतो. त्यांना बाजारात भाव नसतो, म्हणून ते पडल्या जागी सडतात. हापूसच्या बागेचे नुकसान तिथूनच सुरू होते, आणि म्हणून या सदरात मी हा विषय पुन्हा काढतो आहे.

फळमाशीची मादी पाडाला आलेल्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. फळ वरून निर्मळ दिसते, अढीत पिकवून चिरले की आत अळ्या. पोसलेली अळी पडलेल्या फळातून निघून मातीत शिरते, कोष करते आणि काही दिवसांत माशी होऊन उडते. अळी गरात, कोष मातीत; फवारा दोन्हीकडे पोचत नाही. तोडणीच्या तोंडावर औषध मारले, तर त्याचा अंश मात्र खाणाऱ्याच्या पोटात जातो.

१ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले. कारण होते मालात सापडलेल्या फळमाशीसारख्या किडी. दार पुन्हा उघडायला २०१५ साल उजाडले.

उपाय आपल्याच मातीत तयार झाला आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा अनेकांच्या बागेत टांगलेला असतो. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर आत येऊन मरतात, आणि नर घटले की माद्यांची वीण खुंटते. पण शेजारच्या बागेत फळलेली मादी इकडे आली, तर हा सापळा तिला रोखू शकत नाही. तिला गडगाही अडवत नाही. आंबा संपला की ती पेरू आणि चिकूकडे वळते. एकट्याने कितीही सापळे लावले, तरी वाडीभर फळे सडत असतील तर ती मेहनत पाण्यात जाते.

म्हणून सापळे साऱ्या वाडीने एकाच वेळी लावावेत. पडीची फळे रोज उचलावीत. आपल्या कलमांखालची, परड्यातली आणि वाटेवरच्या बेवारशी रायवळाखालचीही. ती उकिरड्यावर फेकू नयेत, खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबावी. या कामाला महागडे औषध लागत नाही, रोजचा थोडा वेळ आणि शेजाऱ्याची साथ लागते. पावसाआधी एवढे कराच.