बूट आधी, मेडल नंतर!

जानेवारी आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच विषय. मॅरेथॉन! कोण हाफ पळणार, कोण ड्रीम रन, कोणाचे शूज किती हजारांचे... २००४ पासून मुंबई मॅरेथॉनने आपल्याला पळायला लावलं आणि पळता पळता सामाजिक संस्थांसाठी पैसे उभे करायलाही शिकवलं. मस्तच! पण बॉस, यातला किती पैसा विदर्भ एक्स्प्रेसच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत पोचतो?

ते स्टेशन म्हणजे गोंदिया. १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झालेला, भाताचा आणि तलावांचा जिल्हा. देवरी किंवा सालेकशाच्या मुलीला स्पर्धेसाठी पुणं गाठायचं तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तिकीट, दोन दिवसांचं जेवण, सोबतच्या मॅडमचा खर्च, स्पाइक्स. आपलं एका वीकेंडचं बिल! पण तेवढ्यावर तिचं खेळणं अडू शकतं.

थोड्या पैशात काय होतं, हे बघायला लांब जायला नको. शेजारच्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली. त्यांच्या हातात बॉल दिला आणि चक्क झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. तोच पुढे ‘स्लम सॉकर’ झाला, २०१६ मध्ये त्याला ‘फिफा’चा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. ‘झुंड’मधला बच्चन आठवतोय ना? तेच हे सर!

आता कॉर्पोरेट फंडा. कंपनी कायद्यानुसार २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ग्रामीण, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षणही त्यात बसतं. मेख अशी, की कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या, असंही कायदाच सांगतो. आणि मोठी ऑफिसं कुठे? मुंबई-पुण्यात. गोंदियात तिरोड्याचा वीज प्रकल्प सोडला तर मोठी नावं कमीच. छोट्या राइस मिल्सना हा नियम लागूच होत नाही.

म्हणून काम आपलं आहे. एचआरला एक मेल टाका आणि विचारा, आपला सीएसआर कुठे जातो? आणि पैसे द्यायचेच तर फक्त जिंकलेल्याला नको. मेडल आल्यावर हार घालायला सगळेच येतात. गरज असते ती त्याआधीच्या चार-पाच वर्षांत. रोजचं दूध-अंडी, कोचचं मानधन, मुलींसाठी कपडे बदलायला खोली, अपंग मुलांना पोचता येईल असं मैदान. यातली सगळीच मुलं चॅम्पियन होणार नाहीत. नकोत व्हायला! रोज संध्याकाळी गावातली मुलं-मुली एकत्र घाम गाळताहेत, हे काय कमी आहे?

पुढचे शूज घेताना एक जोड जास्त घ्या. साइज मात्र आधी विचारा हं!